खिडकीतली शेती - ९ : टबातल्या पाण्याचा ताप



सध्या येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येतोय. मेथी पंधरा दिवस झकास वाढते, मग एक दिवस दुपारी माना टाकते. टबात पाणी भरपूर, खत मोजून घातलेलं, तरी रोप तहानल्यासारखं दिसतं. झाकण उचलून पाहावं तर पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झालेली. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "चिलर घेऊ का?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. कार्डिफ, न्यूपोर्ट, ब्रिस्टल या पट्ट्यात वीस-पंचवीस लिटरच्या टबाला चिलर घेऊ नका. इथे जुलैतसुद्धा दुपारचं सरासरी कमाल तापमान बावीसच्या आसपास असतं. वर्षातल्या आठ-दहा दिवसांसाठी ते घरघरणारं खोकं विकत घ्यायचं आणि उरलेले दिवस अडगळीत ठेवायचं, हा आतबट्ट्याचा धंदा आहे. आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो कळला की चिलरचा विचार आपोआप मागे पडतो.

मुळं श्वास घेतात. शाळेत शिकलेलं असतं, पण आपल्या डोक्यात मूळ म्हणजे पाणी ओढणारी नळी एवढंच राहतं. पाणी आणि क्षार आत घ्यायला मुळाला ऊर्जा लागते, ऊर्जेला प्राणवायू लागतो, आणि आपल्या टबात तो पाण्यात विरघळलेलाच मिळतो. भात चिखलात उभा राहतो कारण त्याच्या खोडातून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या गेलेल्या असतात. मेथी-पालकाकडे ती सोय नाही. प्राणवायू कमी पडला की मुळाचं काम थंडावतं आणि रोप पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त किती मावतो ते बघा (लिटरमागे मिलिग्रॅम):

१० अंश - ११.३
१५ अंश - १०.१
२० अंश - ९.१
२५ अंश - ८.३
३० अंश - ७.६

म्हणाल, वीसवरून तीसवर गेलो तर सतरा टक्केच कमी झाला की! त्यात काय एवढं? खरी गोम पुढे आहे. तेवढ्याच दहा अंशांत मुळांची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे पुरवठा सतरा टक्क्यांनी खाली आणि मागणी शंभर टक्क्यांनी वर. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना या गणिताचा शेवट सांगायला नको. :-) त्यात भर म्हणून दमलेल्या मुळांवर पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव तुटून पडतो. साताऱ्याकडच्या आलं लावणाऱ्या शेतकऱ्यांना 'कंदकूज' विचारा, त्यातही याच कुळाचा हात असतो. तपकिरी, बुळबुळीत मुळं ही बहुधा त्याचीच करणी.

म्हणून पाणी अठरा ते बावीसमध्ये ठेवायचं. पंचवीसला सावध व्हायचं. अठ्ठावीसच्या पुढे काही तास नव्हे, काही दिवस गेले तर मात्र रोपांची आशा सोडायची.

आता कसं ठेवायचं ते.

आमचं घर रोथमधलं जुनं, जाड दगडी भिंतींचं आहे. पुढच्या खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे आणि टब तिथेच असतो. २०२२ साली माझे सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. आम्ही दोघं सकाळी कामावर जायचो, मुलगी शाळेत. बाबांना दिवसभर बोलायला कोणी नाही. टीव्हीवरचं इंग्रजी त्यांना भरभर कळायचं नाही. रस्त्यावरची माणसं हसून "ऑल राइट?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची, याचं त्यांना फार नवल वाटायचं. पंधरा दिवसांत ते गप्प गप्प व्हायला लागले. "तिकीट अलीकडचं मिळतं का बघा," असंही एकदा बायकोला म्हणाले.

टबाचा ताबा त्यांनी आपणहून घेतला. मी पाण्यात एक सेन्सर सोडला होता, तो आकडे फोनवर पाठवायचा. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मत्स्यालयात वापरतात तसला काचेचा तापमापक आणि एक वही त्यांनी मागून घेतली. वहीत रकाने आखले: वेळ, हवा, पाणी, भर, शेरा. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. धरणाची पातळी नोंदवावी तशी नोंद. मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं यंत्र आकडा सांगतं, पण तो आकडा कुठला ते सांगत नाही. धरणात वरचं पाणी तापलेलं असतं नि तळाचं गार. मुळं कुठे आहेत तिथलं मोजा." हवेचा पंप चालू असताना टबातलं पाणी ढवळलं जातं, त्यामुळे वर-खाली फरक फारसा पडत नाही. पण पंप बंद असेल तर पडतो, आणि मोजायची जागा मुळांपाशीच हवी हे शंभर टक्के खरं.

त्या वहीतून जे हाती लागलं त्यात मी थोडं गणित घालून देतो.

१. पाणी जास्त ठेवा. पाच लिटरची बादली दुपारच्या उन्हात बघता बघता तापते, वीस लिटरच्या टबाला तेवढं तापायला चौपट उष्णता लागते. गावाकडे रांजण मोठा असायचा तो उगाच नव्हे. फक्त पाइपातून पाणी फिरवणारी मांडणी असेल तर सावध राहा. टाकी कितीही मोठी असली तरी उन्हातल्या पाइपात पाणी तापूनच परत येतं.

२. ऊन पानांना द्या, टबाला नको. काळा टब प्रकाश अडवतो म्हणून शेवाळ धरत नाही, पण ऊन मात्र पितो. बाहेरून पांढरा कागद किंवा चंदेरी फॉइल गुंडाळा. मासळीवाल्याकडे थर्माकोलचं खोकं मागा, बऱ्याचदा फुकट मिळतं.

३. पाण्यात बुडवलेला पंप म्हणजे छोटा हिटरच. दहा वॉटचा पंप दिवसभर चालला तर ८६४ किलोज्यूल उष्णता देतो. वीस लिटर पाण्यातून उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर दहा अंशांची वाढ! प्रत्यक्षात बरीचशी निघून जाते, पण दोन-तीन अंशांचं कोडं पुष्कळदा इथेच सुटतं. खडी किंवा नारळाच्या भुशातली मांडणी असेल तर पंप टायमरवर टाका. पातळ धारेवर चालणारी पाइपाची मांडणी असेल तर मात्र पंप बंद ठेवू नका, मुळं सुकतील. हवेचा पंप टबाबाहेरच असतो, तो चोवीस तास चालू द्या.

४. पातळी दोन बोटं खाली ठेवा. रोप रुजलं की वरची मुळं दमट हवेत राहू द्या, तीच उन्हाळ्यात तारतात. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची बिनपंपाची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

५. बर्फाची बाटली. लिटरभर पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून टबात सोडायची. उणे अठरापासून वितळून टबाएवढी होईपर्यंत ती साधारण ४६० किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे वीस लिटर पाणी साडेपाच अंशांनी उतरतं. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो. सुटे खडे पाण्यात टाकू नका, खत पातळ होतं. आणि एका वेळी एकच बाटली, मुळांना एकदम गारठा सोसत नाही.

६. ओला पंचा. हा बाबांचा. माठाचंच तत्त्व. शंभर मिलिलिटर पाणी उडून जाताना सुमारे २४५ किलोज्यूल घेऊन जातं. ती सगळी उष्णता टबातून आली तर तीन अंश उतरायला हवेत. पण काही हवेतूनही येते, शिवाय कार्डिफची हवा दमट. त्यामुळे एक-दीड अंश मिळाला तरी नशीब, आणि समोर टेबलफॅन हवाच.

या सगळ्याची परीक्षा त्याच जुलैत झाली. १८ जुलै २०२२ ला उत्तर वेल्समधल्या हावर्डन इथे ३७.१ अंश नोंदले गेले. वेल्सचा आजवरचा उच्चांक. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३. विदर्भातल्या मंडळींना हसू येईल, पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, छताला पंखा नाही. आमची पुढची खोली दुपारी एकतीसवर गेली. बाबांनी सकाळीच पडदे ओढले, टब ओढत जिन्याखालच्या बोळात नेला, पंचा गुंडाळला आणि फ्रीझरमधल्या चार बाटल्या आळीपाळीने लावल्या. स्वतःही खुर्ची टाकून तिथेच बसले. मी ऑफिसातून फोन करत होतो तो खरं तर त्यांच्या काळजीने. या वयात अशा उन्हात घरात एकटं राहणं चांगलं नव्हे. ते मात्र पाण्याचेच आकडे सांगत होते. "दोन वाजता चोवीस. तुम्ही काम करा."

वहीत त्या दिवशीचा सर्वांत वरचा आकडा पंचवीस आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'बोळ घरात सर्वांत गार. उन्हाळ्यात सर्वांनी इथे बसावे.' मेथी वाचली. तिकीट अलीकडचं करायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता हिवाळा. कारण आपल्याकडे उन्हाळ्याचे आठ दिवस असतात आणि गारठ्याचे पाच महिने. हीटिंग नसलेल्या खोलीत, लादीवर ठेवलेल्या टबातलं पाणी जानेवारीत नऊ-दहावर येतं. प्राणवायू भरपूर, पण मुळंच आळसावलेली. फॉस्फरस नीट घेतला जात नाही, पानं मागून जांभळट दिसतात आणि वाढ थांबते. अशा वेळी खत वाढवू नका, पाणी वाढवून देऊ नका, ऊब द्या. ही युक्ती आजची नाही. 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द १९३७ साली छापून रूढ करणारे कॅलिफोर्नियाचे गेरिकी यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, टॅव्हर्नेटी यांच्यासोबत, टोमॅटोसाठी द्रावण गरम करण्यावर लेख लिहिला होता.

आधी टब लादीवरून उचलून थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा, फुकटात एक-दोन अंश मिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर मत्स्यालयाचा ५० वॉटचा हिटर अठरावर लावा. तो दिवसातले आठ तास चालला असं धरा, रोज ०.४ युनिट. युनिटला पंचवीस पेन्स धरले तर दिवसाला दहा पेन्स, महिन्याला तीन पौंड. तेवढ्यात बाजारातून कोथिंबिरीच्या काही जुड्या येतात हे मला ठाऊक आहे, ज्याने त्याने आपला हिशेब करावा. पालक, कोथिंबीर, मेथी पंधरा अंशांतही तग धरतात. मिरची आणि तुळस मात्र विसाच्या खाली रुसतात.

वीज आणि पाणी एकत्र आहे, म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या. हात घालण्यापूर्वी हिटर बंद करून प्लग काढा. आणि वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत न जाता खाली गळेल.

खताची तीव्रता मोजणाऱ्यांसाठी एक टीप. पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढलेली दिसते. मीटर आपोआप दुरुस्ती करणारा नसेल तर उन्हाळ्यात खत जास्त झालं असं वाटून उगाच पाणी ओतलं जातं.

तर सांगायचा मुद्दा, यंत्र घेण्यापूर्वी एक तापमापक आणि एक वही घ्या. आठवडाभर तीन वेळा नोंद करा. पाणी कधी तापतं आणि कशामुळे, हे दिसलं की उपाय बहुधा घरातच असतो. आणि घरी आई-वडील, सासू-सासरे आलेले असतील तर वही त्यांच्या हातात द्या. आमचे बाबा सप्टेंबरात परत गेले. अजूनही रविवारच्या फोनवर नातीची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "पाणी किती आहे?"

आपापल्या गावचे आकडे जरूर कळवा. ॲबर्डीनकर आणि दुबईकर दोघांचेही हवेत. पुढच्या वेळी कार्डिफच्या मऊ पाण्यात आम्लता का घसरते त्यावर लिहीन.

कळावे, लोभ असावा.

ता. क. - मेथीला बी विकत आणू नका, मसाल्याच्या डब्यातली चालते. रात्रभर भिजवून घ्या.