विश्लेषण : सांडपाणी आटवले, पण मिठाचे काय?

जुईनगरच्या पूर्वेला टीटीसी औद्योगिक वसाहत, पश्चिमेला ठाणे खाडी. फ्लेमिंगोंसाठी ओळखल्या जाणाऱ्या या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. कारखान्यांनी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडू नये, म्हणजेच 'झिरो लिक्विड डिस्चार्ज' पाळावा, असा आग्रह वाढतो आहे. त्यासाठी लागणारे मुख्य यंत्र म्हणजे इव्हॅपोरेटर. मात्र यंत्र बसवले की प्रश्न मिटला, हा समज चुकीचा आहे.

इव्हॅपोरेटर का लागतो?

जैविक प्रक्रियेत जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण पाण्यात विरघळलेले क्षार तसेच राहतात. क्षार फार वाढले तर जिवाणूच तग धरत नाहीत. आरओनंतरही दाट खारे पाणी उरतेच. गुऱ्हाळात काहिलीत रस आटवतात, तसे ते आटवावे लागते.

प्रकार कोणते?

मल्टिपल इफेक्ट : पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ दुसरे भांडे तापवते, दुसऱ्याची तिसरे. एकाच भांड्यात किलोभर पाणी आटवायला किलोहून थोडी जास्त वाफ लागते. तीन भांड्यांत साधारण ४०० ग्रॅम पुरते.

एमव्हीआर : निघालेली वाफ कॉम्प्रेसरने दाबून तिचे तापमान वाढवतात आणि तीच पुन्हा वापरतात. बॉयलरचे इंधन वाचते, पण यंत्र महाग आणि वीज अखंड हवी.

फोर्स्ड सर्क्युलेशन : मिठाचे खडे धरू लागले की नळ्यांत थर बसतो. तो बसू नये म्हणून पंपाने पाणी वेगात फिरवतात.

एटीएफडी : फिरती पाती दाट द्रावाचा पातळ थर गरम भिंतीवर पसरवतात. शेवटी कोरडी भुकटी हाती येते.

खरी अडचण कुठे?

पहिली अडचण रोजच्या खर्चाची. वाफ, वीज, नळ्यांची सफाई हे सगळे चालूच असते. यंत्र बंद ठेवले की तेवढे पैसे वाचतात. तपासणीत यंत्र आहे की नाही एवढेच पाहिले, तर हा मोह आवरणार कसा?

दुसरी अडचण मिठाची. सगळे सांडपाणी एकत्र आटवले की मिश्र, मळकट क्षार मिळतात. त्यांना गिऱ्हाईक नसते. मग ते घातक कचरा म्हणून तळोज्यातील केंद्रासारख्या ठिकाणी पुरावे लागतात. उघड्यावर राहिले तर पहिल्याच पावसात विरघळून पुन्हा सांडपाणी होते. म्हणजे प्रदूषण संपत नाही, फक्त जागा बदलते.

मग करायचे काय?

तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने शेकडो रंगाई कारखाने बंद झाले. त्यानंतर सामाईक प्रकल्पांतील खारे पाणी शुद्ध करून पुन्हा रंगाईला वापरण्याची पद्धत तिथे रुळली. टीटीसीतही खारे सांडपाणी उगमापाशीच वेगळे ठेवायला हवे. छोट्या उद्योगांना स्वतःचा इव्हॅपोरेटर परवडणार नाही, त्यांच्यासाठी सामाईक यंत्रणा हवी. आणि तपासणीत महिन्याला किती वाफ लागली, किती मीठ निघाले आणि ते कुठे गेले, याचा हिशेब मागायला हवा. या तीन आकड्यांचा मेळ बसला नाही, तर ते पाणी आटले नाही, कुठेतरी सोडले गेले, हे कळायला फार शोध घ्यावा लागणार नाही.