कुंडीतला पुदिना

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांत कोथिंबिरीचा मान अद्याप पहिला आहे. परंतु चैत्र लागून घरात कैरी आली, की पुदिन्यावाचून भागत नाही. आपण बाजारातून जुडी आणतो, पाने खुडतो आणि काड्या केरात टाकतो. वास्तविक पुढचे रोप त्या काड्यांतच असते.

चार-पाच निरोगी काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून त्या पेलाभर पाण्यात उभ्या ठेवाव्यात आणि पाणी दिवसाआड बदलावे. आठ-दहा दिवसांत मुळे फुटू लागतात. मग पसरट कुंडीत माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू घालून त्या लावाव्यात. पुदिन्याचे धुमारे जमिनीखालून दूरवर पसरतात व शेजारच्या रोपांना जगू देत नाहीत. म्हणून त्याला स्वतंत्र कुंडीच हवी. सकाळचे ऊन व दुपारची सावली त्याला मानवते. माती ओलसर असावी, पण पाणी साचू देऊ नये. फुलोरा येण्यापूर्वी शेंडे कापावेत, म्हणजे बाजूने नवे फुटवे येतात.

पाने स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावीत. पावसाळ्यात तर अधिकच काळजीने. चटणीला वाटीभर पुदिना, अर्धी वाटी कोथिंबीर, दोन मिरच्या, कैरीची फोड, जिरे व मीठ पुरे. पन्ह्यात वा ताकात पाने शेवटी चुरडून घालावीत. फार शिजविल्यास सुगंध उडून जातो. उरलेली पाने सावलीत वाळवून ठेवावीत.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस आग्रहाने लिहावेसे वाटते. घराघरांत पुदिन्याच्या फुलाची बाटली असते. हे फूल म्हणजे मेंथॉल. ते उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात तेलासाठी लावल्या जाणाऱ्या निराळ्या जातीच्या पुदिन्यापासून काढतात. मेंथॉलने अंग थंड होत नाही. थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना ते केवळ चेतविते. थंडीच्या संवेदनाग्राहींचा शोध घेताना डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन या दोघांनीही मेंथॉलचाच उपयोग केला होता. उष्णता व स्पर्श यांच्या संवेदनेवरील संशोधनाबद्दल त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी हे फूल किंवा त्याचा मलम लावण्याची रीत अजून आढळते. ती मायेपोटी असली तरी घातक आहे. त्या तीव्र वासाने तान्ह्याचा श्वास अडखळू वा थांबूही शकतो. फुलाबरोबर कापूर मिसळलेला अर्क लहान मुलाने प्याल्यास विषबाधा होते. वनस्पतीपासून निघाले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी आणि बाळाच्या सर्दीसाठी डॉक्टरांकडेच जावे.

कुंडीतले पान मात्र निःशंकपणे खुडावे. शेजारणीने काडी मागितली तर तीही द्यावी. पुदिना कापल्यानेच दाट होतो.