निरोप पोचला पाहिजे

चर्चचे आणि घंटेचे नाते फार जुने आहे. घरोघरी घड्याळे नव्हती त्या काळात मिस्सेची वेळ, सणाची वर्दी आणि गावातली मयत ही तिन्ही घंटेच्या वेगवेगळ्या ठोक्यांवरून कळायची. केळीच्या वाडीला पाणी लावणारा माणूस ठोके ऐकूनच काय ते ओळखायचा. घंटेला अक्षरओळख लागत नाही, वीज लागत नाही, आणि ऐकणारा आपल्या ओळखीचा आहे की नाही हे ती पाहत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या आणि भीमाशंकराच्या देवळांत गेल्या. गावाला हाक घालण्याचे काम कोणा एका धर्माचे थोडेच असते!

आज हे काम कागद, फ्लेक्स, पडदा आणि मोबाइल यांच्याकडे आले आहे. ते कसे करावे आणि मुख्य म्हणजे कोणासाठी करावे, यावर आमच्या वसईत सध्या बरीच वादावादी चालते. हा वाद केवळ ख्रिस्ती मंडळींपुरता नाही असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी पेशाने कमर्शियल आर्टिस्ट. पोटापाण्यासाठी साबणाच्या वड्यांची वेष्टने केली, बिस्किटांचे पुडे केले, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल सजवले. त्याच्या जोडीने गेली तीस वर्षे आमच्या चर्चची छपाईची कामे करतो आहे. ‘चर्चला आर्टिस्ट कशाला हवा?’ असे पुष्कळजण विचारतात. त्यांना मी यादीच ऐकवतो. दर रविवारचे चार पानी पत्रक, नाताळाच्या आणि पवित्र आठवड्याच्या वेळापत्रकांचे फलक, लग्न ठरलेल्यांची जाहीर नावे, धर्मशिक्षणाच्या वर्गांची माहिती, रक्तदान शिबिराचे भित्तिपत्रक, गीतांच्या पुस्तिका, आणि मयतांच्या सूचना. पूर्वी हे सगळे ट्रेडल मशिनवर खिळे जुळवून व्हायचे. मग डीटीपी आले, ऑफसेट आले, आणि आता सगळेच हातातल्या मोबाइलवर येऊन बसले.

त्याच तीस वर्षांत वसईही पालटली. १९९८ मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. २००९ मध्ये महापालिका आली आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. आमच्या चर्चमध्ये एके काळी सामवेदी आणि वाडवळ घराण्यांची मंडळी ठरल्या बाकांवर ठरल्या जागी बसत. आता मंगळूरकडचे कोंकणी बोलणारे आहेत, केरळचे आहेत, तमिळ आहेत, मुंबईतली जागा विकून इकडे आलेली कुटुंबे आहेत, आणि डहाणू-जव्हारकडून मजुरीला आलेले आदिवासी बांधवही आहेत. दोन मिस्सांच्या जागी पाच झाल्या. बाहेरच्या मांडवातही माणसे उभी राहतात. बघणारा म्हणतो, ‘चर्च किती वाढले!’

डोकी वाढली हे खरे. पण दोनशे घरांच्या गावात निरोपाला कागद लागत नव्हता. एक बाई विहिरीवर बोलली की आळीभर कळायचे. दोन हजार घरांत ते होत नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाचे नाव ठाऊक नसते. तो तीन रविवार आला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चर्च जसजसे वाढते तसतसे ते आपल्याच माणसांना अनोळखी होत जाते. ही तुटलेली ओळख पुन्हा जोडणे हेच माझ्या मते या कामाचे खरे प्रयोजन. ते विसरले की उरते ती नुसती सजावट.

हे काम मराठी मुलखात किती जुने आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. सोळाव्या शतकात गोव्याला आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले, तेही रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळेच तेव्हा गोव्यात नव्हते. त्यासाठी स्टीफन्स धडपडले नव्हते असे नाही. १६०८ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. अक्षरांचे शेकडो साचे लागतात, पण ते दोनशेपर्यंत खाली आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. वाचणाऱ्याच्या डोळ्याला सवयीचे असेल तेच अक्षर द्यावे, हा विचार चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला सुचला! खिळे मिळाले नाहीत. पण त्यांनी निवडलेला ओवीचा छंद लोकांच्या ओळखीचा होता, त्यामुळे हे पुराण लोकांनी कानांनी ऐकले.

पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना निघाला. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. मिशनच्या त्याच छापखान्यात कोवळ्या वयात कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागरचे मालक झाले आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या छपाईने त्यांनी देशभर नाव कमावले. ख्रिस्ती छापखान्यात शिकलेला हात अशा रीतीने हिंदूंच्या देवघरातल्या पोथीपर्यंत पोचला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर प्रवचनाऐवजी कीर्तन उभे केले आणि अभंग लिहिले. ऐकणाऱ्याला आपली वाट सोडून आपल्याकडे यायला लावण्यापेक्षा आपणच त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहावे, हे त्यांनी ओळखले होते. १९०३ साली निघालेल्या एका कॅथलिक मासिकाचे नावच ‘निरोप्या’. वसईच्या ‘सुवार्ता’ची धुरा दोन दशकांहून अधिक काळ वाहणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हा तर अलीकडचाच इतिहास.

एवढी मोठी परंपरा पाठीशी असताना आज आपण काय करतो? इंटरनेटवरून तयार नमुना उतरवून घेतो, आणि नाताळाच्या पत्रकावर बर्फ पाडतो! वसईत डिसेंबरात वाडीत पानवेली हिरव्यागार असतात, मुले पेंढा आणून गोठा सजवतात, आणि छापील कागदावर मात्र पाइनची झाडे. शब्द इंग्रजी, अक्षर बारीक, मागे रंगांची उधळण. शिकलेली मुले म्हणतात, ‘अंकल, चर्चचाही ब्रँड असायला हवा.’ त्यांचे एक म्हणणे मला पटते. मिस्सेच्या वेळा दर आठवड्याला त्याच जागी, त्याच अक्षरात असाव्यात, म्हणजे त्या शोधाव्या लागत नाहीत. ही शिस्त मीही धंद्यातच शिकलो. पण साबण विकत घेणारा हा गिऱ्हाईक असतो. चर्चमध्ये येणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे, तो घरचा असतो. गिऱ्हाइकाला भुलवावे लागते, घरच्या माणसाला सांगावे लागते. या दोन क्रियापदांत जो फरक आहे, तोच जाहिरात आणि निरोप यांत आहे.

आमच्याकडचा वाद पेटला तो पत्रकावरून. २०२० मध्ये टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली. त्या दिवसांत मोबाइलने मोठी कामगिरी केली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. घरात बसून लोकांनी पडद्यावर मिस्सा पाहिली. कोणाला औषध हवे, कोणाकडे धान्य संपले, ते ग्रुपवर कळले. मात्र दारे उघडल्यावर छापील पत्रक परत आलेच नाही. कागद महाग, छपाई महाग, आणि ‘सगळ्यांकडे फोन आहेत’ हे ठेवणीतले उत्तर. वेदीच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे लागले. सूचना इंग्रजीत, तीन सेकंद दिसायच्या आणि पुढे सरकायच्या.

‘सगळ्यांकडे’ हा शब्द फसवा आहे. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका आजींनी मला थांबवून विचारले, “बाळा, पत्रक बंद झाले काय रे? माझ्या बहिणीच्या नातवाचे लग्न होऊन गेले, मला कळलेसुद्धा नाही.” आजींच्या घरात तीन फोन आहेत, तिन्ही दिवसभर अंधेरीला आणि चर्चगेटला असतात. नव्याने आलेल्या कुटुंबाला ग्रुपमध्ये घ्यायचे तर आधी कुणाची तरी ओळख लागते. म्हणजे ज्यांची ओळख आहे त्यांनाच निरोप, आणि ज्यांना तो सर्वांत जास्त हवा ते दाराबाहेर!

मी आमच्या फादरांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “तुमचे पत्रक तरुण मुले वाचतात का हो?” प्रश्न रास्त होता. मुले पत्रक वाचत नाहीत, त्याची घडी घालून वारा घेतात. शेवटी तोडगा निघाला. मोबाइलवरचा मजकूर तसाच ठेवायचा, पडद्यावर फक्त गीतांचे शब्द दाखवायचे, आणि मराठी पत्रक दोन पानांचे करून पुन्हा छापायचे. अक्षर मोठे घ्यायचे, आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडायची. कारण देवनागरीला वर वेलांट्या असतात, खाली उकार असतात, ओळी दाटल्या की ते एकमेकांत अडकतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांना नुसती काळी रेघ दिसते. मजकूर युनिकोडमध्ये जुळवायचा, म्हणजे तोच पुढे फोनवर धाडता येतो. जुन्या फाँटमधले मराठी दुसऱ्याच्या फोनवर गेले की त्याचे अगम्य ठिपके होतात. फाटकावरच्या फलकासाठी रंगाऱ्यांचा जुना हिशेब पाळायचा: दहा फुटांमागे निदान एक इंचाचे अक्षर. यात कलाकुसर फारशी नाही, पण वाचणाऱ्याची कदर आहे.

आणखी दोन गोष्टींवर मी हटून बसतो. मदतीच्या आवाहनावर गरीब मुलाचा केविलवाणा फोटो घालायचा नाही. ते मूल याच चर्चमध्ये येते, याच शाळेत जाते. उद्या वर्गातली पोरे त्याला काय म्हणतील याचा विचार आधी करावा. आणि देणगीदारांचे चेहरे फ्लेक्सवर नकोत. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण ज्या घरातली, त्याच घराच्या फाटकावर हात जोडलेले आठ चेहरे शोभत नाहीत. या हट्टापायी काही ओळखीची मंडळी माझ्याशी बोलेनाशी झाली. चालायचेच.

तीस वर्षांत मी शेकडो रंगीत भित्तिपत्रके केली. पण सर्वांत उपयोगी पडले ते एका रंगातले, पोस्टकार्डाएवढे एक साधे कार्ड. त्यावर शीर्षक होते: ‘घरात मृत्यू झाल्यास’. खाली सहा ओळी. डॉक्टरांचा दाखला आधी घ्या, चर्चच्या कार्यालयाचा हा फोन, रात्री हा, शवपेटी कोणाकडे, कबरीची व्यवस्था कोण पाहते, पैशांची अडचण असेल तर संकोच न करता कोणाला सांगावे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कोंकणी अशा चार भाषांत छापून ते घरोघर वाटले. गावच्या माणसाला याची गरज नव्हती. त्याच्या दारात शेजारी आपोआप जमतात. पण चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या, रात्री दोन वाजता वडिलांच्या उशाशी एकट्या बसलेल्या मुलीला त्या सहा ओळींनी माणसे मिळवून दिली. ती मुलगी आता आमच्या गायकवृंदात गाते. चर्च वाढले असे म्हणायचेच झाले, तर ते त्या रात्री एका माणसाने वाढले.

आपण ख्रिस्ती असा वा नसा, हा प्रश्न तुमच्याही दारात आहे. गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि आरतीची वेळ कोपऱ्यात, हे आपण दरवर्षी बघतो. सोसायटीचा फळा काढून टाकून सगळे ग्रुपवर टाकले की तळमजल्यावरच्या आजोबांना पाणी कधी येणार नाही ते कळत नाही. ते भांडी रिकामी ठेवून झोपतात. निरोप किती जणांना धाडला हे फोन सांगतो. तो कोणाला पोचला नाही, हे मात्र कुठलेच यंत्र सांगत नाही. त्यासाठी जिने चढावे लागतात आणि दार वाजवून विचारावे लागते.

येत्या रविवारी आपल्या इमारतीतली, आळीतली, देवळाची किंवा चर्चची एखादी सूचना हातात घ्या आणि काल परक्या गावाहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. कोणाला भेटायचे, कधी यायचे, कुठल्या दाराने आत शिरायचे, हे त्याला कळते का? कळत नसेल तर रंग कितीही सुरेख असोत, तो कागद पुन्हा करायला हवा.