चालतं का?

मराठीत डायबिटीसवाल्यांसाठी एक खास क्रियापद राखून ठेवलेलं आहे. चालणे. 'तुला आंबा चालतो का गं?', 'पुरणपोळी चालत नसेल ना?', 'गुळाचा चहा तर चालतोच की!' मला टाइप वन डायबिटीस होऊन बारा वर्षं झाली. त्यातली नऊ नोकरीत गेली. या काळात 'कशी आहेस?' जितक्या वेळा विचारलं गेलं नसेल, त्याहून जास्त वेळा 'चालतं का?' विचारलं गेलंय. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की हमखास! सगळ्यांच्या प्लेट्स भरतात आणि केकची सुरी माझ्यापाशी येऊन थबकते.

विचारणाऱ्यांवर राग नाही. मनापासून विचारतात बिचारे. पण या प्रश्नाला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. आणि रक्तातल्या साखरेला हो-नाही कळतच नाही. तिला कळतं ते किती, कधी आणि कशाबरोबर. बरं, हे फक्त माझ्यापुरतं असतं तर कॉलमभर पाल्हाळ लावलं नसतं. आयसीएमआरचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे आणि आणखी साधारण १३.६ कोटी लोक प्री-डायबिटीसमध्ये, म्हणजे उंबरठ्यावर उभे आहेत. त्यात तुमचे बाबा असतील, टीम लीड असेल, कदाचित तुम्हीही.

मागे एकदा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हापासून तुमचे मेल येताहेत. आज त्यातलेच काही प्रश्न.

आंबा चालतो का?

पहिला नंबर अर्थातच हापूसचा! शंभर ग्रॅम आंब्यात साधारण १५ ग्रॅम कार्ब्ज असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८च्या आसपास. आता कॅन्टीनची थाळी डोळ्यांसमोर आणा. तिथे भाताची मूद नसते, टेकडी असते. आंब्याच्या दोन फोडींकडे सगळे डोळे वटारून बघतात आणि त्या टेकडीला कुणी काही बोलत नाही! मी आंबा खाते. मोजून खाते आणि त्या दिवशी एक पोळी कमी करते. आमरस-पुरीची गोष्ट वेगळी, कारण तिथे वाटी कधी भरली आणि कधी रिकामी झाली हे आपल्यालाच कळत नाही.

थाळीच्या बाबतीत एक साधी युक्ती. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी संपवा. पोळी आणि भात शेवटी. तेच जेवण, तेवढंच जेवण, पण साखर कमी उसळते. फायबर आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की मागून येणाऱ्या स्टार्चचा वेग मंदावतो.

गूळ, मध, शुगर-फ्री बिस्किटं?

गूळ म्हणजे गावाकडून आलेली साखरच. त्यात थोडीफार खनिजं असतात, पण मीटरला ती दिसत नाहीत. मधाचंही तेच. आणि शुगर-फ्री बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते जाहिरातवाल्याचं काम. आपण पाकीट उलटं करायचं आणि मागची 'कार्बोहायड्रेट'ची ओळ वाचायची.

उपवासाला साबुदाणा चालतो ना?

उपवासाला चालतो. साखरेला नाही! देवाची यादी वेगळी आणि मीटरची वेगळी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमपेक्षा जास्त कार्ब्ज. त्यात बटाटा आणि वरून चमचाभर साखर, म्हणजे उपवासाच्याच दिवशी साखरेची दिवाळी. दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी असं काही ताटात वाढवा आणि खिचडी कमी करा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडकडीत उपवास करू नये. डोस तोच ठेवून पोट रिकामं ठेवणं धोक्याचं आहे.

रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक त्याच्यावर संशय घेतला जातो. 'फ्रीजमधलं काहीतरी खाल्लं असणार!' नाही हो. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. डायबिटीस नसलेल्यांचं इन्शुलिन ती सांभाळून घेतं, आपलं घेत नाही. त्याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात. नाव गँगस्टरच्या सिनेमासारखं असलं तरी अर्थ साधा आहे, पहाटेची वाढ. अपुरी झोप, टेन्शन, नाइट शिफ्ट, साधा सर्दी-ताप, यानेही आकडा वर जातो. आणि हो, बोट टोचण्याआधी हात धुवा. केळं सोललेल्या हाताने तपासलं तर मीटर बोटावरची साखरही मोजतो.

आपण सगळे दहावी-बारावीच्या मार्कांवर वाढलेलो. त्यामुळे मीटरचा आकडाही मार्कशीटसारखा वाटतो. १२० आला की पास, २२० आला की घरी दाखवायचा नाही. पण तो निकाल नाही, माहिती आहे. २२० आला म्हणजे 'काय खाल्लं, किती झोपलो, डोस बरोबर होता का' हे बघायचं. एका आकड्यावर रडायचं नाही. अंदाज घ्यायचा तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीवरून. अनेकांसाठी डॉक्टर ते ७ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतात. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ची साखर. तुमचं स्वतःचं टार्गेट तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं उसनं घेऊ नका.

मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?

आता थोडं पुण्याचं कौतुक. २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक, आतून गुबगुबीत. जीन्स कॉलेजातलीच बसते म्हणून खूश होऊ नका. पोट पुढे येतंय का ते बघा आणि घरात कुणाला डायबिटीस असेल तर वर्षातून एकदा तपासा. उपाशीपोटी १००च्या खाली असेल तर छान. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून पक्कं करायचं आणि डॉक्टर गाठायचा. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, म्हणून तर लवकर तपासायचं.

इन्शुलिन म्हणजे शेवटची स्टेज ना?

हे वाक्य ऐकलं की मी दहापर्यंत आकडे मोजते. टाइप वनमध्ये शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. गोड खाल्ल्यामुळे नाही, तर आपलीच प्रतिकारशक्ती ते बनवणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून. माझ्यासाठी इन्शुलिन ही पहिल्या दिवसापासूनची गरज आहे. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. तेव्हा तो मरणाच्या दारात होता, त्यानंतर तेरा वर्षं जगला. त्याआधी माझ्यासारख्यांना फार वेळ मिळायचाच नाही. टाइप टूमध्येही काही वर्षांनी गोळ्या पुरेनाशा होतात, तेव्हा इन्शुलिन सुरू करणं म्हणजे हरणं नव्हे. फक्त ते मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका आणि फ्रीझरमध्ये तर अजिबात नको.

आणि शेवटचा मेल

हा वाचून मात्र मी बराच वेळ गप्प बसले. सव्वीस वर्षांची मुलगी, टाइप वन, नवी नोकरी. घरात स्थळं बघणं चालू आहे. आईने सांगितलंय, 'ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस, गोष्टी पसरतात.' त्यामुळे ती बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घेते. टीम लंचला सगळे बरोबर असतात, उठता येत नाही, मग तो डोस राहूनच जातो. तिचा प्रश्न एवढाच होता, 'आठवड्यातून दोन-तीनदा चुकला तर चालतं का?'

नाही गं. इथे मात्र हो-नाहीत उत्तर देते. टाइप वनमध्ये इन्शुलिन असं चुकवत राहणं आयसीयूपर्यंत नेऊ शकतं. साखर चढते, रक्तात ॲसिड साठतं, उलट्या होतात, श्वास फुलतो. आणि उलटी बाजूही तेवढीच खरी. डोस घेतला आणि मीटिंग लांबल्यामुळे जेवण राहिलं, तर साखर ७०च्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. फ्रायडे नाइटच्या पार्टीत असं झालं तर लोक म्हणतील, 'हिला चढली!' दारूमुळे साखर कित्येक तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा उतरू शकते, हेही लक्षात ठेव.

अशा वेळी शेजारच्याला माहीत असणं हाच तुझा विमा. सगळ्या फ्लोअरला सांगायची गरज नाही. दोघांना सांग. एवढंच सांग: मी विचित्र वागायला लागले तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या किंवा माझ्या ड्रॉवरमधली ग्लुकोज पावडर द्या. केक किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका आणि १०८ला फोन करा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. मी माझ्या डेस्कवरच पेन काढते, टोचते आणि डबा उघडते. पहिल्या आठवड्यात लोक बघतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांना त्यांच्या डब्यात जास्त इंटरेस्ट असतो.

आईची भीती खोटी नाही. स्थळाच्या बाजारात आजार म्हटलं की फोन बंद होतात, हे मी नाकारत नाही. पहिल्याच फोनवर सगळा रिपोर्ट वाचून दाखवू नकोस. पण साखरपुड्याआधी साखरेचं बोलणं झालंच पाहिजे. जो ऐकून पळेल तो आधीच पळालेला बरा, आणि जो थांबेल त्याला पहिल्याच दिवशी सांग की ग्लुकोज कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे. हा कॉलम आईलाही वाचायला दे. काकू, तुमची मुलगी लपून डोस घेण्यापेक्षा तुमच्यासमोर हक्काने घेऊ दे.

तर मंडळी, आपलं क्रियापद. त्याचा दुसरा अर्थही आपल्याच भाषेत आहे आणि तो जास्त कामाचा आहे. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात. औषध नाही, फी नाही, वर बॉसबद्दल गॉसिपही होतं! फक्त इन्शुलिन घेणाऱ्याने खिशात ग्लुकोज ठेवायचं. त्यामुळे उद्या ऑफिसात केक कापाल तेव्हा शेजारच्या डायबिटीसवालीला 'चालतं का?' विचारू नका. केकचा तुकडा केवढा हवा ते तिला ठरवू द्या आणि नंतर विचारा, 'चल, खाली एक चक्कर मारायला येतेस का?'