मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर; मग आठ तासांत विमान का पोहोचत नाही?

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की उत्तर येते आठ तास. मोबाइलवर अंतर-वेळ सांगणारी अनेक पाने असेच गणित करतात. प्रत्यक्षात थेट विमानालाही साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. त्यामुळे नुसत्या किलोमीटरवरून प्रवासाचा बेत आखणे धोक्याचे आहे.

फरक कशामुळे पडतो?

पहिले कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासाभराने लवकर संपतो.

दुसरे कारण मार्ग. नकाशावरची सर्वांत जवळची वाट पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. वळसा आला की वेळ आणि इंधन दोन्ही वाढते.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. मुंबईहून सकाळी ७ ला निघून ११ ला लंडन, हे वाचून चारच तासांचा प्रवास वाटतो. खरे तास साडेनऊ असतात.

हा घोळ सर्वाधिक बाधतो तो मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांना. इन्सुलिन घेणाऱ्याला डोस घड्याळ बदलले म्हणून नव्हे, तर किती तास उलटले ते पाहून ठरवावा लागतो. त्याचे वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लंडनहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल आणि ते चुकले, तर नव्या तिकिटाचा भुर्दंड बहुधा प्रवाशालाच बसतो.

त्यात सांगलीहून मुंबई विमानतळ गाठायचे सात-आठ तास आणि तीन तास आधीची हजेरी धरली, तर ‘आठ तासांचा’ प्रवास वीस तासांच्या पुढे जातो.

काय बदलायला हवे?

तिकीट विकणाऱ्या ॲपनी स्थानिक वेळेइतक्याच ठळक अक्षरांत प्रवासाचे एकूण तास दाखवायला हवेत, तेही मराठीत. तोवर प्रवाशांनी ‘किती लांब?’ ऐवजी ‘घरातून निघाल्यापासून किती तास?’ असे विचारावे. औषधे, जेवण आणि पुढचे विमान यांचा हिशेब त्याच आकड्यावर करावा.