पथ्य लेकराचं, परीक्षा आईची

‘औषधं लागू पडत नाहीत, तर आहार बदलून बघू. घरच्या घरी करता येतं.’ दवाखान्यात ऐकू येणाऱ्या या वाक्यातल्या ‘घरच्या घरी’ या शब्दांपाशी आपण बायकांनी जरा थांबायला हवं. घरी म्हणजे कोणी? ते सांगावंच लागत नाही. सांगणाऱ्यालाही माहीत असतं, ऐकणारीलाही.

आधी एक स्पष्ट करते. हा लेख या उपचाराच्या विरोधात नाही. अंगारे-धुपारे आणि कांदा हुंगवणं यांच्या पंगतीला त्याला बसवू नये. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नाहीत, असे रुग्ण दर तिघांत जवळपास एक असतात. त्यांच्यातल्या मुलांसाठी कीटोजेनिक आहार हा शास्त्रीय उपचार आहे. स्निग्ध पदार्थ भरपूर, पिठूळ आणि गोड जवळजवळ नाहीच. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागतं आणि त्यातून होणाऱ्या कीटोन द्रव्यांवर मेंदू चालतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली तो सुचवला. १९३८ मध्ये फेनिटॉइनचा गुण दिसल्यावर गोळी देणं सोपं वाटू लागलं आणि आहार मागे पडला. २००८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी १४५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांनी, आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून खाली आल्या होत्या, न घेणाऱ्यांत ६ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये थोड्या सैल आहाराचा, म्हणजे सुधारित ॲटकिन्सचा, असाच अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. तिथे हे आकडे ५२ आणि ११.५ टक्के होते. म्हणजे गुण येतो. सगळ्यांना नाही, पण येतो.

पण तो येतो कोणाच्या जिवावर? मूळ आहारात चार ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, असं प्रमाण असतं. प्रत्येक घास काट्यावर तोलायचा. वाटीतलं तेल मुलानं ठेवलं तर ते बोटानं पुसून भरवायचं. खोकल्याच्या औषधातली साखरही मोजायची. लघवीत पट्टी बुडवून रंग बघायचा, फिटची वही लिहायची. उलट्या, बद्धकोष्ठता, मूतखडा, खुंटणारी वाढ यांच्यावर नजर ठेवायची. सैल आहारातसुद्धा दिवसाला दहा ते वीस ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका पोळीत कोटा संपला! तीन महिने गुण येतो का ते बघायचं, आला तर साधारण दोन वर्षं चालवायचं. आणि बाकीच्या घराचा भात-आमटीचा स्वयंपाक वेगळा असतोच.

रुग्णालयात हे काम केलं तर त्याला आहारतज्ज्ञ म्हणतात, परिचारिका म्हणतात, पगार देतात. घरी केलं तर माया म्हणतात. आणि फिट परत आली की पहिला प्रश्न, ‘आई, काही खायला दिलंत का?’ आमच्याकडे येणाऱ्या एका बाईला हा प्रश्न डॉक्टर, नवरा आणि सासू तिघांनीही विचारला होता. मुलाला बिस्कीट आजोबांनी दिलं होतं. आजोबांना कोणीच काही विचारलं नाही.

आईच्या या गौरवीकरणाचा एक नमुना बघा. अमेरिकी दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाला औषधांनी गुण येईना, तेव्हा वाचनालयात बसून या आहाराचा शोध घेतला तो या बापानं. मग १९९७ मध्ये त्यांनी याच विषयावर ‘फर्स्ट डू नो हार्म’ हा चित्रपट काढला, त्यात डॉक्टरांशी झुंजते ती आई, मेरिल स्ट्रीप. खऱ्या आयुष्यात बाप चालला, पडद्यावर मात्र आईच लागली!

आता गरीब घराकडे या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतं ते धान्य. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ. या मुलाला दोन्ही निषिद्ध. त्याला चालतं ते अंडं, लोणी, साय, खोबरेल. शाळेत अंडं देण्याचा निर्णय आपल्या राज्यानं २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. मग लोणी येणार कुठून? आईच्या ताटातून. तिच्या ताटात लोणी होतंच कधी, हा प्रश्न वेगळा.

आणि फिट येणारी स्वतः बाई असेल तर? सुधारित आहार मोठ्या माणसांनाही देता येतो. पण सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेसाठी अन्न तोलणार कोण? शिवाय १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं. कायद्यातून शब्द गेला, सासरच्या मनातून गेला नाही. गोळ्या ट्रंकेत साड्यांखाली लपवता येतात. पथ्य कुठे लपवणार? म्हणून तिच्यापुढे हा उपचार कोणी ठेवतच नाही, आणि तीही मागत नाही.

तेव्हा आपल्या गटांनी जिल्हा रुग्णालयाकडे मागायचं ते असं. अपस्माराच्या बाह्यरुग्ण विभागात पगारी आहारतज्ज्ञ हवी, मराठीत आणि आपल्या पदार्थांत तक्ते हवेत, काटा आणि पट्ट्या मोफत हव्यात. चरबी पचवण्याचे काही जन्मजात दोष असलेल्या मुलांना हा आहार घातक ठरतो, म्हणून आधीच्या तपासण्याही मोफत हव्यात. (डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे कोणी सुरू करू नये आणि चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत, हे वस्तीत पुन्हा पुन्हा सांगायला लागेल.) आणि काटा वापरायचं शिक्षण आईबरोबर बापालाही. तो आल्याशिवाय तक्ता हातात द्यायचा नाही, मात्र एकट्या आईला त्यासाठी अडवायचंही नाही. तिच्याबरोबर गटातली एक जण बसेल.