गार्डची ड्युटी, मेणाचे रंग

‘नोकरी सांभाळून आवडीचं काही जमतच नाही यार!’ शुक्रवारी संध्याकाळी कॉफीच्या टेबलावर हमखास ऐकू येणारं वाक्य. अशा वेळी मला ब्राइस मार्डन आठवतो.

१९६३ साली येल विद्यापीठातून चित्रकलेची मास्टर्स डिग्री घेतलेला हा अमेरिकन तरुण न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या ज्युइश म्युझियममध्ये चक्क गार्डची नोकरी करू लागला. १९६४ मध्ये तिथे जॅस्पर जॉन्सचं मोठं प्रदर्शन भरलं. वितळलेल्या मेणात रंग कालवून केलेली चित्रं मार्डनला ड्युटीवरच, रोज, तासन् तास बघायला मिळाली. पगारी!

मग त्याने स्वतःची रेसिपी जमवली. तैलरंग, टर्पेंटाइन आणि मधमाश्यांचं वितळवलेलं मेण. तेलाची चकाकी गेली, चित्राला त्वचेसारखा मऊपणा आला. अख्ख्या कॅनव्हासवर एकच रंग. तळाशी मात्र एक पट्टी मुद्दाम मोकळी सोडलेली, रंगाचे ओघळ दाखवणारी. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिलं सोलो प्रदर्शन झालं. नाव झालं.

खरी हिंमत पुढेच आहे. ऐंशीच्या दशकात त्याने हे हुकमी मेण सोडलं. चिनी-जपानी सुलेखन बघून तो लांब काड्यांनी रेषा ओढू लागला. त्यातून १९८९ ते ९१ दरम्यान ‘कोल्ड माउंटन’ ही गाजलेली मालिका आली. तेव्हा तो पन्नाशीत होता! २०२३ मध्ये, ८४व्या वर्षी तो गेला. शेवटपर्यंत रंगवत होता.

तेव्हा बॉस, नोकरी बोअर असेलही. पण ड्युटीवर समोरच्या भिंतीवर काय टांगलंय, ते बघा तरी!